साडेचारशे मेगाहर्ट्झमध्ये मावलेलं गाव

तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कुठला प्रोसेसर आहे? झटकन सांगा बरं. नाही ना आठवत? हरकत नाही. मेल उघडते, एक्सेलची शीट कुरकुरत नाही, मीटिंगमध्ये बॉसचा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकत नाही, म्हणजे आपलं भागलं. प्रोसेसर आता नळाच्या पाण्यासारखा झालाय. येत असतो तोवर कुणी त्याचं नाव काढत नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मामला वेगळा होता. हॉस्टेलच्या पोरांना स्वतःचा रक्तगट विचारला तर ती डोकं खाजवायची, पण पीसीचे मेगाहर्ट्झ झोपेतही सांगायची. ‘तुझा कितीचा?’ ‘पी-थ्री, साडेपाचशे.’ ‘सॉलिड यार!’ एवढ्या संवादावर मैत्री जमायची. असेंबल्ड पीसी म्हणजे घरात टू-व्हीलरनंतरचा सगळ्यात मोठा खर्च. त्यामुळे प्रोसेसर निवडताना वडील, काका आणि ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ शेजारचा दादा अशी तिघांची बैठक बसायची.

त्या बैठकीत एक नाव हमखास निघायचं, सेलेरॉन. इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर. १९९८ मध्ये पहिला सेलेरॉन आला तेव्हा इंटेलनं खर्च वाचवायला त्यातली लेव्हल टू कॅश मेमरीच काढून टाकली होती, आणि लोकांनी त्याला नावं ठेवली. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. यात १२८ केबीची कॅश होती, तीही प्रोसेसरच्याच चिपवर आणि त्याच्याच वेगानं पळणारी. किंमत १४९ डॉलर. त्याच वेळी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेन्टियम टूची किंमत होती ६६९ डॉलर.

आता यातली गंमत ऐका. सेलेरॉन ३००ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचारपट वेगानं चालायचा, म्हणून तीनशे. कुणीतरी मदरबोर्डची बस ६६ वरून १०० वर नेली आणि साडेचारचं गणित थेट ४५० वर गेलं. बहुतेक चिप्स हे मुकाट सोसायच्या. काही मदरबोर्डवर तर त्यासाठी प्रोसेसरच्या कार्डावरची बी-२१ नावाची पिन सेलोटेपच्या बारक्या तुकड्यानं झाकली की काम फत्ते! स्वस्तातला प्रोसेसर चौपट किमतीच्या प्रोसेसरच्या बरोबरीनं पळायला लागायचा. मध्यमवर्गीय मनाला याहून गोड बातमी कुठली?

माझ्याकडे आला तोवर हा सेलेरॉन सेकंडहँड झाला होता. साल २००२. मी बारामतीत इंजिनिअरिंगला होतो आणि भिगवण रोडजवळ तिघांत एक खोली भाड्यानं घेतली होती. पुण्याहून एका सिनियरचा जुना डबा विकत घेतला. ६४ एमबी रॅम, हलवलं की खुळखुळणारी कॅबिनेट आणि आत तो ३००ए. तपकीर गल्लीतून जरा मोठा पंखा आणून बसवला आणि साडेचारशेवर चढवला. पंखा असा घोंघावायचा की खालचे घरमालक वर येऊन विचारायचे, ‘गिरणी टाकली का रे?’

थ्रीडी कार्डाला पैसे नव्हते. म्हणजे गेममधलं चित्र रंगवायचं कामसुद्धा बिचाऱ्या प्रोसेसरच्याच गळ्यात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची आहे.

त्या काळात गेम खेळणारे सगळेच होते, पण त्यांच्यातच एक छोटी जमात होती गेमच्या लेव्हल बनवणाऱ्यांची. तिची सुरुवात डूमपासून झाली. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या या गेममध्ये नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेलं होतं, म्हणजे कुणीही त्याजागी आपली फाइल घालावी. १९९४ च्या सुरुवातीलाच हौशी लोकांनी डीईयू नावाचा लेव्हल एडिटर बनवला आणि जगभरची पोरं आपापलं कॉलेज, आपापलं ऑफिस डूममध्ये बांधत सुटली. (ऑफिस बांधून पुढे त्यात काय करायची, हे तुम्हाला सांगायला नको. सोमवारी सकाळी तुमच्याही मनात तेच असतं.)

मग १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये हाफ-लाइफ आला. त्याच्या सीडीतच वर्ल्डक्राफ्ट नावाचा लेव्हल एडिटर होता. हाफ-लाइफवरून हौशी मंडळींनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवला, आणि त्यातला तो पिवळसर भिंतींचा, कमानींचा, खोक्यांचा ‘डी-ई डस्ट’ मॅप आठवतोय? तो डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्लंडमधल्या विशीच्या आतल्या मुलानं बनवलेला. कंपनी नाही, पगार नाही, डेडलाइन नाही. जगातल्या निम्म्या सायबर कॅफेंमध्ये त्या पोरानं बांधलेल्या बोळांतून पब्लिक पळत होतं.

हे बोळ तिथं उगाच नव्हते. लेव्हल डिझाइनचा सगळा फंडा त्या वळणांत आहे. प्रोसेसरची ताकद तुटपुंजी असायची. समोर दिसणारी प्रत्येक भिंत, पायरी, खांब म्हणजे त्याला काढावे लागणारे बहुकोन, पॉलिगॉन. गेम चालू असताना ‘आर-स्पीड्स’ अशी कमांड दिली की कोपऱ्यात आकडा यायचा, आत्ता किती पॉलिगॉन काढतोय ते. सहाशे ते आठशेच्या आत राहा, असं जाणकार सांगायचे. त्याच्या वर गेलात की गेम उचक्या द्यायला लागणार.

मग करायचं काय? तर लेव्हल बनवून झाली की ती ‘कंपाइल’ करायची. त्यात ‘व्हिस’ नावाची एक पायरी असते. हा प्रोग्राम तुमच्या मॅपचे बारीक बारीक तुकडे घेतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक यादी बनवतो, इथं उभं राहिलं तर कुठले कुठले तुकडे दिसू शकतात याची. गेम चालू असताना प्रोसेसर फक्त यादीतलं काढतो, बाकीच्याकडे ढुंकून बघत नाही. सकाळी डबा वेळेवर व्हावा म्हणून आई रात्रीच भाजी निवडून ठेवते ना, तसं. रात्रीचं काम जितकं चोख, तितकी सकाळ सोपी.

म्हणून हौशी लेव्हल डिझायनर वळणं घालतो. सरळ रस्ता दिसला की मध्ये भिंत, मोकळं मैदान दिसलं की त्याच्या तोंडाशी एक वाकडा बोळ. वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून काढावं लागत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला हे पटकन समजेल. शनिवार पेठ साडेचारशे मेगाहर्ट्झवर लीलया पळाली असती.

माझी गोची अशी की मला पेठ बांधायची नव्हती. मला नदीकाठचं एक गाव बांधायचं होतं.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं. बारामतीहून एसटीनं काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर, आणि तिथून पुढे भीमेच्या बाजूला. पण मी लहानपणापासून बघितलं ते नवं गाव. आखीव रस्ते, एकसारखे प्लॉट. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी. त्या पाण्यानं सोलापूरची तहान भागली, माळावर ऊस आला, भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला आणि हिवाळ्यात तुम्ही-आम्ही कॅमेरे घेऊन जातो ते फ्लेमिंगोही आले. आणि त्याच पाण्याखाली काठची कितीतरी गावं गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर त्यातलंच. पाणी खूप उतरलं की त्याचं शिखर वर दिसायला लागतं, आणखी उतरलं तर अख्खं मंदिर उघडं पडतं.

आमच्या जुन्या गावाचा एकही फोटो घरात नव्हता. एका लग्नाचा ग्रुप फोटो होता, त्यात मागे अर्धी भिंत आणि एक बैल. आजी-आजोबा मात्र रोज त्या गावात फिरून यायचे. ‘तालमीच्या मागं’, ‘वेशीच्या आत’, ‘पाराच्या अंगाला’, असे पत्ते जेवताना यायचे आणि ते कुठं आहेत हे आम्हा नातवंडांना कळायचं नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी वही काढली आणि आबांना म्हटलं, घरापासून तालीम किती लांब?

‘शंभर-सव्वाशे पावलं.’

‘आणि विहीर?’

‘तालमीपासनं दोन कासरं.’

सुरू झालं! वर्ल्डक्राफ्टमध्ये मापं युनिटमध्ये असतात. ढोबळमानानं एक युनिट म्हणजे एक इंच धरायचं, गेममधला माणूस बहात्तर युनिट उंच. आबांचं पाऊल मी टेपनं मोजलं. कासऱ्याची लांबी गोठ्यात जाऊन मोजली. पावलं, हात, कासरे यांचं इंचांत रूपांतर करणारा तक्ता वहीच्या मागच्या पानावर तयार झाला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी इतकं मन लावून दुसरं कुठलंच जर्नल लिहिलं नाही.

खोलीवर परतल्यावर रूममेटचा पहिला प्रश्न, ‘मस्त! पण बॉम्ब कुठं ठेवायचा?’ दुसऱ्याची सूचना आणखी भन्नाट होती. या गेममध्ये पाण्याचा ठोकळा दरवाज्यासारखा हलवता येतो. तो म्हणाला, एक बटण ठेव, दाबलं की पाणी चढत जाईल, घरं बुडतील, फुल्ल टू इफेक्ट! करता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. आबांनी ते एकदा बघितलेलं होतं.

अडचणींना तोटा नव्हता. पहिली अडचण जागेची. या इंजिनमध्ये मॅपची कमाल लांबी-रुंदी ८१९२ युनिट, म्हणजे जेमतेम दोनशे मीटर. गाव त्याहून मोठं. कुणाची घरं घ्यायची, कुणाची वगळायची, यावर सुट्टीत आबा आणि आजीचं जुंपलं. आजीच्या मैत्रिणीचं घर नकाशाच्या कडेबाहेर जात होतं. आजीनं दोन दिवस अबोला धरला, माझ्याशी! शेवटी मी एक गोठा आखूड केला आणि मैत्रीण आत आली.

दुसरी अडचण गळतीची. मॅप सगळ्या बाजूंनी बंदिस्त लागतो, आकाशसुद्धा एक झाकण असतं. कुठं एक युनिटची फट राहिली की कंपाइलर ‘लीक’ असा शेरा मारणार आणि व्हिस चालायलाच नकार देणार. मग ती फट शोधत बसा. धरणात बुडालेल्या गावासाठी मी रात्र रात्र गळती शोधत होतो, यातला विनोद तेव्हाही माझ्या लक्षात आला होता.

तिसरी अडचण विजेची. सगळं नीट जमलं की व्हिस रात्री लावून झोपायचं, सकाळपर्यंत पूर्ण व्हायचं. आणि पहाटे भारनियमन! पंखा थांबला की त्या शांततेनंच जाग यायची. टक्केवारी ऐंशीवर असो की नव्वदवर, पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी अभ्यासाचं वेळापत्रक कधी बनवलं नाही, पण भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं.

चौथी अडचण सगळ्यात मोठी, खुद्द गाव. गाव पेठेसारखं वळणावळणाचं नव्हतं. वरच्या आळीतून एक रुंद उतार थेट नदीपर्यंत जात होता. त्या उतारावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंची घरं, पार, देऊळ, घाट, नदी आणि पलीकडचा काठ, सगळं एकदम नजरेत. व्हिस बिचारा काय करणार? त्याच्या यादीत सगळंच येणार. आर-स्पीड्सचा आकडा दोन हजारांच्या वर गेला. सेकंदाला नऊ फ्रेम. म्हणजे एक पाऊल टाकायचं आणि चहा घेऊन यायचा.

मी पुस्तकी उपाय केला. उताराच्या मध्यावर एक भिंत घातली आणि रस्ता तिला वळसा घालून नेला. आकडा सातशेवर आला, गेम लोण्यासारखा चालायला लागला. रूममेट म्हणाले, ‘एकदम प्रोफेशनल!’

मे महिन्यात मी कॅबिनेट आणि मॉनिटर गोधडीत गुंडाळून एसटीनं आजोळी नेला. आबांना माउस जमणार नव्हता, म्हणून मी चालवणार आणि ते सांगणार, असं ठरलं. आजी शेजारी सूप घेऊन बसली. आबांनी आधी काहीच सांगितलं नाही, नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘दारातनं भाईर चल.’ मी निघालो. ‘डावीकडं. हां. हितं तालीम. आता खाली चल, घाटाकडं.’ मी भिंतीपाशी आलो आणि वळायला लागलो.

‘थांब. ही भिंत कुणाची?’

मी समजावलं. प्रोसेसर, पॉलिगॉन, वळणापलीकडचं न काढण्याची युक्ती, सगळं. आबा शांतपणे ऐकून घेत होते. साखर कारखान्यात काम केलेला माणूस, यंत्राला किती ओझं झेपतं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘ते समदं खरं असंल. पण हितं भिंत नव्हती रं. हितनं नदी दिसायची. मी रोज सकाळी दारातनं भाईर आलो की पैली नदी बघायचो, किती पाणी हाय ते. मग बाकीचं.’

आजी सुपातनं मान वर न करता म्हणाली, ‘काढ की ती भिंत. हळू चाललं तर चाललं. आमाला कुठं पळायचंय?’

काढली. मग पॉलिगॉन वाचवण्यासाठी आम्ही तिघं बसून इतर गोष्टी छाटत गेलो. खिडक्यांचे गज गेले. देवळाचे गोल खांब चौकोनी झाले. आमच्या घराचा माळा गेला, आबांनी स्वतःच सांगितलं, ‘माळ्यावर कांदंच असायचं.’ आजीनं चुलीजवळचा कोनाडा मात्र सोडला नाही. आकडा बाराशेवर आला आणि तिथंच अडला. सेकंदाला तेराएक फ्रेम. कुठल्याही मॅप परीक्षकानं पहिल्या मिनिटाला नापास केला असता. त्या संध्याकाळी आबांनी मला त्या उतारावरून चार वेळा खाली नेलं आणि चार वेळा वर. प्रत्येक वेळी दारातून बाहेर आलो की म्हणायचे, ‘जरा थांब हितं.’ स्क्रीनवर नदी तुटक तुटक हलत होती.

आता आबाही नाहीत आणि तो सेलेरॉनही नाही. मॅपची फाइल आहे. दोन एमबीसुद्धा भरत नाही, तुमच्या फोनमधल्या एका सेल्फीहून लहान. त्या वेळी रात्रभर चालणारं व्हिस आजच्या साध्या लॅपटॉपवर मिनिटांत संपतं, आणि तो उतार आता गुळगुळीत चालतो. मध्यंतरी मी माळाही परत बांधला, खांब गोल केले, गज लावले. मग वाटलं, हे गाव आबांनी बघितलंच नाही. म्हणून जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवून दिली, चौकोनी खांबांची.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा मृतसाठ्याच्याही बराच खाली गेला होता. पळसनाथाचं मंदिर पूर्ण उघडं पडलं आणि बघायला गर्दी लोटली. पुणे-सोलापूर हायवेनं तुम्ही कधी जात असाल आणि तेव्हा पाणी उतरलेलं असेल, तर वाकडी वाट करून जरूर बघा. काठाच्या चिखलात घरांची जोती दिसली तर त्यांवर उभं राहून फोटो काढण्याआधी एवढं ध्यानात असू द्या, की ते कुणाचं तरी घर आहे आणि त्या घराला पत्ता होता.

आणि हो, लेव्हल एडिटर आजही मिळतात. क्वेकच्या कुळातल्या गेमसाठी ट्रेंचब्रूम आहे, वाटेल ते बांधायला ब्लेंडर आहे, दोन्ही फुकट. तुमच्या मशीनला वळणं घालायची गरज उरलेली नाही. मापं मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाहीत. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतात, पावलांत आणि कासऱ्यांत. या वीकेंडला मॉल एक दिवस थांबेल. आजीला फोन लावा आणि विचारा, ‘तुमच्या जुन्या घराच्या दारातून बाहेर आलं की पहिलं काय दिसायचं?’ जे उत्तर येईल, त्याच्या आड भिंत घालू नका.